कोनी पोर शे तू? : आपलं करिअर आपण निवडतो की घर निवडतं?

श्रावणात कानबाईचे रोट, म्हणजे आमचा खान्देशातला देवीचा सण, असतात तेव्हा आमच्या गावात सुरतहून, पुण्याहून, नाशिकहून सगळे भाऊबंद येतात, आणि ओट्यावर बसलेली एखादी म्हातारी हमखास थांबवून विचारते, "कोनी पोर शे वं तू?" नाव नाही विचारत, आधी कोणाची ते विचारते. मग आपण आजोबांचं नाव सांगायचं, तिला ओळख पटते, ती तोंडावरून हात फिरवते आणि मग दुसरा प्रश्न येतो, "काय करस मंग?"

हे दोन प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलीये. पण ज्युनियर कॉलेजला कॉमर्स शिकवायला लागले, दरवर्षी दहावी-बारावी झालेली पोरं आणि त्यांचे आईबाप समोर बसायला लागले, तेव्हा कळायला लागलं की दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर पहिल्या प्रश्नातच ठरून गेलेलं असतं. आपण म्हणतो मी माझं करिअर निवडलं. पण निवडायला समोर ठेवलं कोणी, किती ठेवलं, काय आधीच उचलून नेलं? ह्यावर जगात बरंच संशोधन झालंय, ते अवघड इंग्रजीत पडून आहे, आणि आपल्या पोरांना त्याची खरी गरज आहे म्हणून जमेल तेवढं सोपं करून लिहिते.

अकरावीच्या पहिल्या आठवड्यात मी पोरांना वहीचं मागचं पान उघडायला लावते. सांगते, तुम्हाला माहिती असलेली जगातली सगळी कामं लिहा, पगाराची बिनपगाराची कोणतीही, दहा मिनिटं घ्या. बहुतेकांची गाडी पंधराच्या आसपास अडते. शिक्षक, पोलीस, आर्मी, तलाठी, ग्रामसेवक, डॉक्टर, नर्स, इंजिनिअर, वायरमन, ड्रायव्हर, बँकेत, किराणा दुकान, शेती, कलेक्टर. मग म्हणते, आता ह्यातली 'हे आपल्यासाठी नाही' अशी खोडा. आणि हे खोडायला त्यांना दोन मिनिटं पण लागत नाहीत. लिहिताना डोकं खाजवणारी पोरं खोडताना एकदम झटपट. एका वर्षी एका मुलीने सगळ्यात आधी 'वायरमन' खोडलं, आणि मला माहिती होतं की तिचे वडील वायरमन आहेत, विहिरीवरच्या मोटरचं स्टार्टर बिघडलं तर ही पोर स्वतः उघडून बघते. म्हटलं का गं? तर म्हणाली, "मॅडम, मी खांबावर चढू का?" बस, विषय संपला तिच्यासाठी.

लिंडा गॉटफ्रेडसन नावाच्या अमेरिकन बाईंनी १९८१ मध्ये नेमकं हेच मांडलं. त्यांचं म्हणणं असं की पोरगं मोठं होताना कामांची यादी वाढवत नाही, तर टप्प्याटप्प्याने छाटत जातं. तीन ते पाच वर्षांचं असताना त्याला एवढंच कळतं की मोठी माणसं कामाला जातात. सहा ते आठमध्ये कळतं की हे बाईमाणसाचं काम आणि हे गडीमाणसाचं, इथे पहिली मोठी कात्री लागते. नऊ ते तेरामध्ये कळतं कोणत्या कामाला इज्जत आहे, कोणतं हलकं समजतात आणि कोणतं आपल्या घरच्यांच्या आवाक्याबाहेरचं आहे, तिथे दुसरी कात्री. आणि चौदाच्या पुढे कुठे पोरगं विचार करायला लागतं की मला स्वतःला काय आवडतं. म्हणजे बघा, आपण दहावीनंतर पोराला विचारतो 'तुला काय आवडतं रे, सांग मोकळेपणाने', पण तोपर्यंत वावराला चारी बाजूंनी कुंपण पडून गेलेलं असतं, आवड बिचारी जे आत उरलंय त्यातच फिरते. आणि हे छाटणं पोराच्या लक्षातही राहत नाही. त्याला वाटतं हे मला आवडतच नव्हतं.

गॉटफ्रेडसन बाईंचं अजून एक म्हणणं आहे ते मला स्वतःला फार लागलं. माणसाला परिस्थितीमुळे माघार घ्यायची वेळ येते तेव्हा तो सगळ्यात आधी आवड सोडतो, मग इज्जत, आणि बाईचं काम की गड्याचं काम ही चौकट शेवटपर्यंत सोडत नाही. मला सीए व्हायचं होतं. बारावीला मार्क चांगले होते. पण त्यासाठी पुण्याला जायचं, राहायचं, आर्टिकलशिप म्हणजे सीएच्या हाताखाली उमेदवारी करायची, आणि परीक्षा कितव्या वेळेला निघेल ह्याची काही गॅरंटी नाही. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, एकदाच विचारलं, "कितला वरीस लागतीन?" आणि मला उत्तर देता आलं नाही. मग इकडेच बीकॉम, एमकॉम, बीएड. पोरीच्या जातीला शिक्षिका चांगलंच आणि इज्जतीचं पण, सगळी चौकट जागेवर, गेली ती फक्त मूळ आवड. शिकवणं मी आज मनापासून करते, त्याच्यात मला रस आहे, पण ही वाट अशी आपोआप वळली हे कळायला मला दहा वर्षं लागली, आणि पोरांना ते दहा वर्षं आधी कळावं असं वाटतं.

पण घर फक्त छाटतंच असं नाही हो. घर देतं पण. काय देतं ते सांगते.

आमची चार एकर कोरडवाहू, कापूस. दिवाळी झाली की खेडा खरेदीवाले टेम्पो घेऊन अंगणात यायचे, तीन बल्ल्या बांधून मध्ये काटा टांगायचे, गाठोडं आकड्याला अडकवायचं, एक माणूस मोठ्याने वजन सांगायचा, दुसरा चिठ्ठीवर लिहायचा. मी सातवीत होते. पायरीवर बसून मी पण गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर वजनं लिहीत होते, कोणी सांगितलं नव्हतं, सहज खेळ म्हणून. एकोणीस गाठोडी झाली. त्यांची बेरीज आली ७४६ किलो. माझी आली ७८८. मी परत केली, परत ७८८. हात थरथरायला लागला होता पण मी उठून म्हटलं की काका तुमचं चुकतंय. सगळे हसले. मग मी एकेक आकडा मोठ्याने वाचत गेले आणि ते चिठ्ठीवर बोट फिरवत गेले, तर त्यांच्याकडे आकडे अठराच, एक बेचाळीसचं गाठोडं लिहिलंच नव्हतं. चुकून की मुद्दाम ते त्यांनाच माहिती. त्यांनी गुपचूप आकडा लिहिला. अण्णा तेव्हा एक शब्द बोलले नाहीत, त्यांना चहा दिला, पैसे मोजून घेतले. रात्री जेवताना मायला म्हणाले, "आते वजन पोरच लिखी." एवढंच. शाबासकी नाही, काही नाही. पण त्या वर्षापासून आमच्या घराचं वजन मीच लिहिलं, आणि पुढे गल्लीतले दोन-तीन जण पण बोलवायला लागले.

आता ह्या प्रसंगाचं शास्त्र बघा. अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये एक गोष्ट मांडली, 'हे मला जमेल' असा जो आतला भरवसा असतो त्याबद्दल. माणूस काय करायला घेतो, किती वेळ चिकटून राहतो, कुठे सोडून देतो हे बऱ्याच वेळा त्याच्या खऱ्या हुशारीपेक्षा ह्या भरवशावर ठरतं. आणि हा भरवसा चार वाटांनी येतो. एक, स्वतः काहीतरी करून दाखवलेलं असणं, ही सगळ्यात जबरदस्त वाट. दोन, आपल्यासारख्याच कोणाला तरी ते करताना बघणं. तीन, ज्याच्या शब्दाला आपण मानतो त्याने 'तुला जमेल' म्हणणं. आणि चार, त्या वेळी आपल्या शरीराला काय होतं, म्हणजे छाती धडधडते, घाम फुटतो, त्याचा आपण काय अर्थ लावतो. मला पायरीवर त्यातल्या तीन एका दिवसात मिळाल्या. बेरीज मी स्वतः केली, अण्णांचं एक वाक्य मिळालं, आणि हात थरथरत असताना पण बोलता येतं हे कळलं. शाळेत गणितात पैकीच्या पैकी मिळाले तरी ते मला दुसऱ्या कोणाचे वाटायचे, हे बेचाळीस किलो मात्र माझे होते. १९९४ मध्ये लेंट, ब्राऊन आणि हॅकेट ह्या तिघांनी बांडुराचंच म्हणणं धरून दाखवलं की आवड आकाशातून पडत नाही, आवड पण ह्या भरवशातूनच उगवते. जे जमतंय असं वाटतं त्याच्यात रस तयार होतो. म्हणून पोराला 'तुला कशात इंटरेस्ट आहे' विचारण्याआधी, त्याने घरात हाताने काय काय करून बघितलंय ते विचारा.

दुसरी वाट, आपल्यासारख्या कोणाला बघणं. ह्याच्यात 'आपल्यासारखा' हा शब्द महत्त्वाचा. टीव्हीवर दिल्लीचा टॉपर बघून आमच्या पोरांच्या छातीत काही हलत नाही. पण साक्री तालुक्यातल्या सामोडे गावच्या डॉ. राजेंद्र भारूड यांचं सांगितलं की वर्ग एकदम शांत होतो. भिल्ल समाजातलं घर, वडील जन्माआधीच गेले, आई मोहाच्या फुलांची दारू गाळून विकायची, त्याच्यावर घर चालायचं. नवोदयमध्ये शिकले, मुंबईत एमबीबीएस केलं, आयएएस झाले आणि पुढे नंदुरबारचेच कलेक्टर झाले, कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा ह्या आदिवासी जिल्ह्यात ऑक्सिजनचे प्लांट आधीच उभे करून ठेवलेले होते. मी पोरांना हे 'बघा किती मेहनत केली' म्हणून सांगत नाही. मेहनत तर ह्या पोरांची माय पण रोज करतेच. मी सांगते ते एवढ्यासाठी की भारूड यांनी आईचं काम लपवलं नाही, उघडपणे सांगितलं. जे घर कमीपणाचं वाटायला लावलं जातं तेच घर आपल्या नावाच्या पुढे लावून चालता येतं हे पोरांना कोणीतरी करून दाखवायला लागतं.

आता घाबरण्याचं बोलू. पालक माझ्याकडे येतात तेव्हा एकच शब्द असतो, परमनंट. मॅडम, परमनंट कशात होईल? शहरातल्या लोकांना वाटतं खेड्यातले लोक सरकारी नोकरीच्या मागे वेडे आहेत. वेडे नाहीत हो. मेल्व्हिन कोन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये दाखवलं की आईबाप पोरांना ज्या गुणांची शिकवण देतात ते गुण त्यांच्या स्वतःच्या कामातून आलेले असतात. ज्याला कामावर स्वतःच्या डोक्याने ठरवायची मुभा आहे तो पोराला म्हणतो तुझं तू ठरव, आणि ज्याच्या डोक्यावर सुपरवायझर आहे, चुकलं तर काम जातं, तो म्हणतो सांगितलेलं ऐक. आता हेच आमच्याकडे लावून बघा. कोरडवाहू कापसाच्या शेतकऱ्याच्या हातात काय असतं? पाऊस नाही, भाव नाही. २०१७ ला गुलाबी बोंडअळी आली तेव्हा बाहेरून हिरवीगार बोंडं आणि फोडून बघितलं तर आत किडकी, उभं पीक बघता बघता गेलं. ज्या माणसाने असे हंगाम बघितलेत तो पोराला 'रिस्क घे' कसं म्हणेल? त्याच्या तोंडून परमनंटच निघणार, आणि ते त्याच्या अनुभवाच्या हिशेबाने अगदी बरोबर आहे. पहाटे पाचला अमळनेर-पारोळा रोडला जा, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं अंधारात पळताना दिसतील, त्यांच्या पायात बापाची ती किडकी बोंडं पण पळत असतात. फक्त पोराने एवढं ओळखायला पाहिजे की हा सल्ला आहे का ही भीती आहे. सल्ला तपासून घेता येतो. भीती तशीच अंगात उतरते आणि आपण तिला आपला स्वभाव समजून बसतो.

ओळखीपाळखीचं पण तसंच. आमच्याकडची किती पोरं सुरतला गेली, उधना, लिंबायत भागात आख्ख्या गल्ल्या खान्देशी आहेत, अहिराणी बोलत गेलात तरी कोणी मागे वळून बघणार नाही. का गेली? काकाची खोली होती म्हणून. मामा लूमवर होता म्हणून. काकाकडे जी खोली आणि जे काम असतं तेच तो देऊ शकतो, जीव लावून देतो, पण त्याच्या पलीकडचं त्यालाच माहिती नसतं. मार्क ग्रॅनोव्हेटरने १९७३ मध्ये हेच सांगितलं होतं, त्याने बोस्टनजवळच्या लोकांना विचारलं की नोकरी कशी कळली, तर बऱ्याच जणांना ती जवळच्या माणसांकडून नाही, अशीच तोंडओळख असलेल्या माणसांकडून कळली होती. साधं कारण आहे, जवळच्या सगळ्यांना एकच बातमी माहिती असते. म्हणून मी पोरांना सांगते, घरच्यांकडे धीर मागा, बातमी बाहेरच्यांकडे मागा. गावातून तीन वर्षांपूर्वी बाहेर गेलेला, दुसऱ्या गल्लीतला, ज्याच्याशी कधी बोललाच नाहीत, त्याला एक मेसेज टाका.

मग बापाचंच काम पुढे न्यायचं म्हणजे वाईट का? हा प्रश्न मुलं विचारतात, आणि इथे घाईने उत्तर द्यायला नको. जेम्स मार्शिया नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये कॉलेजच्या पोरांशी बोलून 'मी कोण' ह्या ओळखीच्या चार अवस्था सांगितल्या. त्यातली एक अशी की पोराने ठाम ठरवलेलं असतं पण शोधलेलं काहीच नसतं, घरच्यांनी सांगितलं आणि त्याने दाराला कडी लावून घेतली. वरून बघाल तर हे पोरगं सगळ्यात शहाणं दिसतं, काही गोंधळच नाही. दुसरं असतं ते गोंधळलेलं, आज हे म्हणतं उद्या ते, घरच्यांना डोकेदुखी, पण ते शोधतंय. तिसऱ्याने शोधून मग ठरवलेलं असतं. चौथं शोधत पण नाही आणि ठरवत पण नाही. आपण दुसऱ्यावर ओरडतो आणि पहिल्याला शाबासकी देतो, हे मला चुकीचं वाटतं, कारण पहिल्याचा तोच गोंधळ पुढे तिशीत, पस्तिशीत, लेकरंबाळं झाल्यावर वर येतो.

आणि त्याच १९६६ सालची एक गोष्ट आमच्या अमळनेरची आहे. अमळनेरात १९४५ पासून वनस्पती तुपाचा कारखाना होता, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, ज्याची पुढे विप्रो झाली. मालक वारले आणि मुलगा अझीम प्रेमजी, वय २१, अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत होता, शिक्षण अर्धवट सोडून परत आला आणि बापाच्या कारखान्याचा कारभार हातात घेतला. ह्याच्यात निवड कुठे होती? काहीच नव्हती. पण पुढे त्याच कंपनीला तेल-तुपातून कॉम्प्युटरकडे नेलं, आणि राहिलेली डिग्री पण कितीतरी वर्षांनी पूर्ण केली. तर वारसा हातात आला म्हणजे कडी लागलीच असं नाही, आत जाऊन पण खिडक्या पाडता येतात. शेती करायची तर कर ना बाबा, पण अण्णा करत होते म्हणून करतोय आणि मी बघून-समजून करतोय ह्याच्यात फरक आहे, तो फरक पहिल्या वाईट हंगामात दिसतो.

वारशाची अजून जुनी गोष्ट सांगू? चाळीसगावजवळ पाटणादेवीला आपण दर्शनाला जातो, तिथे इ.स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजाचा ज्योतिषी, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला त्याची ती नोंद. आणि त्या लेखात घराण्याच्या पिढ्या कोरल्यात, त्रिविक्रमापासून पुढे नऊ पिढ्या, कोणी कवी, कोणी गणिती, कोणी ज्योतिषी. भास्कराचार्यांचे वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. हे वाचलं की मला एकच जाणवतं, घर हीच शाळा होती. एवढा मोठा गणिती पण एका घरातून, त्या घरातल्या पोथ्यांमधून आणि संध्याकाळी बापाशेजारी बसून ऐकलेल्या बोलण्यातून झाला. मग ज्यांच्या घरात पोथीच नाही, ज्यांना कित्येक पिढ्या पोथीला हातच लावू दिला नाही, त्यांच्या पोरांना 'हुशारी जन्मजात असते' म्हणायचा आपल्याला काय हक्क आहे?

त्याच खान्देशात, जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी. जन्म १८८०, शाळा नाही, अक्षर नाही. शेतात, जात्यावर, चुलीपुढे जे सुचलं ते गायल्या, आणि मुलगा सोपानदेव, जो पुढे स्वतः कवी झाला, त्याने आणि घरातल्याच पितांबर चौधरींनी ते लिहून घेतलं. बहिणाबाई १९५१ ला गेल्या आणि पुढच्या वर्षी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह कविता छापून आल्या. आपण नेहमी म्हणतो की आईने मुलाला घडवलं. इथे मुलाने पण आईची ओळख जगाला दिली. सोपानदेवांनी ते कागदावर उतरवलं नसतं तर त्या फक्त कोणाची तरी आई म्हणून राहिल्या असत्या. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, आमच्या पोरांच्या पदवीवर एका न शिकलेल्या बाईचं नाव छापून येतं. वारसा वरून खाली येतो तसा खालून वर पण जातो, हे करिअरच्या पुस्तकांमध्ये मी फार कमी वाचलंय.

बोलीचं सांगायलाच पाहिजे, कारण इथे पोरं सगळ्यात जास्त दुखावतात. आमच्या बोलीत 'ळ' चा 'य' होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. बीएडला पाठ घेताना माझ्या तोंडून 'शाया' गेलं. मागे बसलेले एक सर सगळ्यांसमोर म्हणाले, आधी भाषा शिका मग शिकवा. विषय ताळेबंदाचा होता, ताळेबंद बरोबर जुळला होता, पण त्याबद्दल कोणी बोललं नाही. त्यानंतर कित्येक महिने मी बोलण्याआधी प्रत्येक वाक्य मनात तपासायची, 'ळ' येत असेल तर शब्दच बदलायची. शाळाऐवजी विद्यालय. एवढी ताकद ह्यात जाते, आणि लोकांना वाटतं ही पोरगी कमी बोलते, कॉन्फिडन्स नाही.

पिएर बोर्द्यू नावाचे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ, स्वतः खेड्यातले, पोस्टात काम करणाऱ्या बापाचा मुलगा, घरची बोली वेगळी. त्यांनी सांगितलं की पैशासारखंच बोलण्याची ढब, कपडे, कुठे कसं बसायचं, साहेबाशी कसं बोलायचं हे पण भांडवल असतं, आणि शाळा-ऑफिसं वरच्या घरातल्या भांडवलाला 'गुणवत्ता' असं नाव देतात. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा मोकळं वाटलं, कारण कमी काय होतं ते कळलं, आणि ते माझ्यात नव्हतं. पुढे २००५ मध्ये तारा योसो ह्यांनी अजून एक पाऊल टाकलं, त्या म्हणाल्या की गरीब आणि बाजूला टाकलेल्या समाजांची घरं पण रिकामी नसतात, दोन भाषा वापरायची सवय, भाऊबंदांचा आधार, अडचणीतून वाट काढायची कला, अन्याय झाला तर उभं राहायची जिद्द, हे सगळं भांडवलच. माझी एक विद्यार्थिनी बँकेच्या कर्जवसुलीत आहे, धुळे-साक्री भागात फिरते. ती सांगते, मॅडम, मी मराठीत सुरू केलं की लोक दार अर्धं उघडतात, अहिराणीत बोललं की खाट टाकतात.

पोरांनी स्वतः करून बघावं असं एक काम आहे, करिअर समुपदेशनात ते खूप वापरतात. एका मोठ्या कागदावर तीन पिढ्यांचं झाड काढायचं, आजी-आजोबा दोन्हीकडचे, आई-बाप, काका, मामा, फुई म्हणजे आत्या, मावशी, आणि प्रत्येकाच्या नावाखाली त्याने खरं काय काम केलं ते लिहायचं. बायकांच्या नावाखाली 'घरकाम' लिहायचं नाही अशी माझी अट असते. घरकाम म्हणजे काय काय ते विचारून या. त्यासोबत दोन गोष्टी, कोणाला काय करायचं होतं पण राहून गेलं, आणि घरात कोणत्या कामाबद्दल मान दिला जायचा, कोणत्याबद्दल गप्प बसायचे. मार्क सॅविकस नावाचे समुपदेशक तर पोरांना त्यांच्या लहानपणीच्या अगदी पहिल्या आठवणी विचारतात, आणि लहानपणी मनाने कोणाला मोठं मानलं होतं ते. त्यांचं म्हणणं, जी गोष्ट लहानपणी बोचत राहते तिच्यातूनच माणूस आपलं काम उभं करतो. माझ्या बेचाळीस किलोचं तुम्हाला आता कळलंच असेल.

एका मुलीने मागच्या वर्षी असं झाड करून आणलं. आजीच्या नावाखाली आधी 'घरकाम' होतं, ते खोडून 'सुईण' लिहिलेलं. तिला माहितीच नव्हतं. आजीला विचारलं तर आजी बोटं मोजायला लागली, ह्या गल्लीतलं हे, त्या गल्लीतलं ते, आणि मोजता मोजता थांबली कारण गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर आलेली. पोर नर्सिंगला जाणार होती 'लवकर नोकरी लागते' म्हणून. आताही नर्सिंगलाच गेली, कोर्स तोच, फी तीच. पण आता तिला प्रसूती विभागातच काम करायचंय, आणि फॉर्म भरताना ती आजीला सोबत घेऊन आली होती.

यंदा दिवाळीत मी माहेरी गेले होते. आता अंगणात इलेक्ट्रॉनिक काटा आहे, लाल आकडे दिसतात, लिहायची गरज पडत नाही. तो बिघडला होता, काही न ठेवता दोन किलो दाखवायचा. भाचा नववीत आहे, तो काटा उलटा करून स्क्रू काढून बसला होता आणि भाऊ त्याला ओरडत होता, "ठेव ते, अभ्यास कर." भाच्याने मला विचारलं, "फुई, ह्याला वजन कळतं कसं, आत तर स्प्रिंगच नाही." मी त्याच्याजवळ बसले. आतली ती लोखंडी पट्टी दाखवली, म्हटलं हिच्यावर भार आला की ही डोळ्याला दिसणार नाही एवढी वाकते, त्याने तिच्यावर चिकटवलेल्या तारांचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, बदलतो आणि तो बदल मोजून आकडा दाखवतात. तो म्हणाला, हे काम कोण करतं, असं मोजायची यंत्रं बनवायचं? म्हटलं ह्याचं वेगळं शिक्षण असतं, पॉलिटेक्निकला डिप्लोमा पण आहे, इन्स्ट्रुमेंटेशन म्हणतात.

हा शब्द त्याने कधीच ऐकला नव्हता. दोनदा विचारला, मग वही ओढून मागच्या पानावर लिहून ठेवला, एक अक्षर चुकलं होतं, मी काही बोलले नाही.